मनकर्णामावशीनं काढलेले रानकुत्रे

वाशीमला मनकर्णामावशीकडे मी शाळेसाठी राहायला गेले, तेव्हा तिचे यजमान जगदेवकाका वारले होते, पण दुकानावरची पाटी अजून त्यांच्याच नावाची होती. फोटो मात्र मावशी काढायची. गावातल्या बायका तिला ‘फोटोवाली’ म्हणत. सासवा नव्या सुनांना घेऊन यायच्या, कारण परक्या पुरुषापुढं बसण्यापेक्षा बाईपुढं बसणं बरं. मावशी त्यांच्याशी पिकापाण्याचं, माहेरचं बोलत राहायची आणि बोलता बोलता हातातला कॅमेऱ्याचा रबरी फुगा दाबायची. बसलेल्या बाईला कळायचंही नाही की फोटो निघाला.

ती जऊळक्याच्या शेतकऱ्याची मुलगी. शाळा तिनं पाहिली नव्हती. काकांचं घरही शेतीचंच, पण ते तरुणपणी अकोल्याला एका फोटोवाल्याच्या हाताखाली राहिले आणि स्वतःचा लाकडी कॅमेरा घेऊन वाशीमला परतले. लग्न होऊन मावशी आली तेव्हा तिनं त्या कॅमेऱ्याला हात लावावा, असं कुणाच्या मनात नव्हतं. तिच्याही नव्हतं.

काकांची नजर पस्तिशीतच जायला लागली. आधी कडा गेल्या, मग अंधार हळूहळू मधे सरकत आला. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. एका नवरदेवाचा फोटो आला तो फेट्याशिवाय, कपाळावरच कापलेला. नवरदेवाच्या बापानं दुकानात येऊन आरडाओरडा केला. काका म्हणाले, ज्या काचेवर फोटो उमटतो ती प्लेटच खराब निघाली. मावशी दाराआडून ऐकत होती. संध्याकाळी तिनं जुनं, काठ विरून गेलेलं लुगडं नेसलं आणि काकांपुढं उभी राहिली.

“ह्या नव्या लुगड्याचा काठ कसा दिसते?”

“चांगला दिसते,” काका म्हणाले.

ती आत गेली, चुलीपुढं बसली. रडली का ते तिनं मला कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आलं तेव्हा ती पदर घेऊन बाहेर आली, काकांच्या हातातलं काळं फडकं घेतलं आणि त्यात डोकं घातलं. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर माणूस उलटा दिसतो, पाय वर डोकं खाली. ती दचकली, पण बाहेर आली नाही. काका शेजारी उभं राहून हळूच सांगत होते, “मांगचा स्क्रू फिरव. पापनीचे केस दिसले की थांब.”

लोक हसले, बोलले. मग सवय झाली. काका अंधाऱ्या खोलीत प्लेटा धुवायचे. तिथं त्यांना डोळ्यांची गरज नव्हती. औषधाचा वास, पाण्याचा गारवा आणि तोंडानं मोजलेला वेळ एवढ्यावर त्यांचं काम चालायचं. “अठी आपन दोघंबी सारखे,” असं म्हणायचे आणि खुशीत असायचे.

ही गोष्ट आहे एकोणीसशे चौतीस-पस्तीसच्या सुमाराची. किन्हीराजाचे जानराव पाटील दुकानात आले. मोठ्या आवाजाचा, मोकळ्या हाताचा माणूस. त्यांना शिकारीचा परवाना मिळाला होता आणि वाघावर पाय ठेवून उभा असलेला स्वतःचा फोटो बैठकीत लावायचा होता.

“जगदेवराव, वाघ मी पाडतो. तुमी फक्त या.”

शिकारीचे फोटो काकांनी आधीही काढले होते. मेलेलं जनावर फोटोला उभं करणं हे एक वेगळंच काम असे. मानेखाली लाकूड लावायचं, जबडा उघडा राहावा म्हणून दातांमधे काटकी बसवायची, रक्त पुसायचं, जीभ आत ढकलायची. मग शिकारी बंदूक घेऊन शेजारी उभा राहायचा आणि जनावर आत्ताच झेपावणार होतं असं फोटोत दिसायचं. काका हे सारं मन लावून करायचे. मावशीला मात्र त्या उघड्या डोळ्यांकडं बघवत नसे.

चैत्रातले दिवस होते. दोघं आगगाडीनं जऊळक्याला उतरले, तिथं पाटलांची दमणी, छोटी बैलगाडी, न्यायला आली होती. कॅमेऱ्याची पेटी मावशीनं मांडीवर घेतली. जंगलाच्या तोंडाशी एक तांडा होता. तिथल्या लखीरामला माग काढायला घेतलं होतं. तांड्याजवळच पाटलांनी पाल ठोकलं आणि जंगलात वाघाला आमिष म्हणून रेडकू बांधलं. पहिल्या रात्री वाघ आला नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. रेडकू सकाळी आपलं चारा खात उभं.

लखीराम जमिनीकडं बघत म्हणाला, “वाघ गेला, पाटील. कोळसुने आले.”

रानकुत्र्यांना आमच्याकडं कोळसुने म्हणतात. त्यांचा कळप आला की हरणं पांगतात आणि वाघही ते रान काही दिवस सोडतो, असं लखीराम म्हणाला. पाटील भडकले. त्या काळी रानकुत्रा दिसला की मारायचा, असाच रिवाज होता. मारणाऱ्याला सरकारातून बक्षीसही असे. जंगलाचा हा चोर आहे, असं शिकारी लोक मानत.

“वाघ नाई तर कुत्रे मारतो. एकबी ठिवत नाई. कुठी बसतात ते दाखव.”

“फिरते जनावर, पाटील. आज अठी, उद्या तठी,” लखीराम म्हणाला. पाटील दोन दिवस बंदूक घेऊन हिंडले आणि धुळीनं माखून परत आले.

मावशीला पालात काम नव्हतं. ती लखीरामच्या बायकोसोबत, मोतीबाईसोबत, झिऱ्यावर पाण्याला जाऊ लागली. मोतीबाईचा घागरा आरशांनी चमकायचा आणि बोलणं फटकळ होतं. एका सकाळी ती झोपडीमागं मांस साफ करत होती. मावशीनं विचारलं, “शिकार कोनं केली?”

मोतीबाई हसली. “आमी कायले करतो? कोळसुने करतात. ते चितळ पाडतात, आमी हाकारा करून जातो, अर्धं आनतो. अर्धं तेच्यासाठी ठिवतो. सारंच आनलं तं दुसऱ्या खेपेले कोन देईन?”

“तुमाले चावत नाईत?”

“माह्या सासऱ्यालेबी नाई चावले. मान्साच्या वाटेलेच जात नाईत ते.”

मावशी तिथंच टेकली. मग म्हणाली, “मले दाखवशीन?”

“कायले?”

“फोटो काढतो. मारत नाई.”

मोतीबाईनं तिच्याकडं नीट पाहिलं. “डोहापाशी पिलं हायेत तेचे,” ती म्हणाली. “पाटलाले सांगू नका.”

मावशीनं मान हलवली. ती पालात परतली ती घाईघाईनं; काकांना तिनं रानकुत्रे, डोह, पिलं, सारं सांगितलं. पाटलांना न सांगायची गोष्ट तेवढी सांगायची राहून गेली. तिला ते सुचलंच नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःहून एखादा फोटो काढावासा वाटत होता.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता पाटील रानात वरच्या अंगाला गेले आणि मोतीबाई, मावशी, काका ही तिघं खालच्या अंगाला. काका मावशीच्या खांद्यावर हात ठेवून चालत होते, कॅमेऱ्याची तिपाई त्यांच्या खांद्यावर. एका अरुंद घळीत, वरून दिसणार नाही असा डोह होता. डोहावर मधोमध फुटलेला मोठा खडक, आणि त्या फटीतून वाढलेला उंबर. खडकाखाली बिळासारखी पोकळी. मोतीबाईनं त्यांना समोरच्या झुडपात बसवलं, वारा कुठून येतो ते पाहिलं आणि ती निघून गेली.

मावशीनं डोहाच्या काठच्या सपाट दगडावर नजर बांधली, स्क्रू फिरवला आणि दगडाच्या चिराही स्वच्छ दिसू लागल्या तशी प्लेट चढवली. एकदा प्लेट चढवली की मागच्या काचेत काही दिसत नाही. मग नुसत्या डोळ्यांनी बघायचं आणि वाट पाहायची.

काकांनीच आधी ऐकलं. “शीळ कोन घालून राह्यलं?” ते कुजबुजले.

माणसाच्या शिळेसारखीच बारीक शीळ होती. एकीकडून आली, दुसरीकडून उत्तर आलं. मग उंबराखालून एक तांबूस जनावर खाली उतरलं. शेपटी काळी, झुपकेदार. कान गोल. गावातल्या कुत्र्यासारखं आणि तरीही अगदी वेगळं. त्याच्यामागून आणखी आले. ते पाण्यापाशी आले, वळले, आणि म्हातारं माणूस घंगाळाच्या काठावर टेकावं तसे मागून पाण्यात बसले! नुसते बसून राहिले. उन्हाळ्यानं भाजलेली अंगं थंड होईपर्यंत पाणीसुद्धा प्यायले नाहीत.

“काय दिसून राह्यलं?” काकांनी विचारलं. मावशीनं त्यांचा हात दाबला.

खडकाखालून पिलं बाहेर आली. काळपट, ठेंगणी, एक जरा लंगडत होतं. ती मोठ्यांच्या तोंडाला झोंबू लागली. एक मादी पाण्यातून उठली, सपाट दगडावर आली, मान खाली घातली आणि पोटातलं सारं पिलांपुढं ओकली. पिलं तुटून पडली. मादीच्या बरगड्या दिसत होत्या. ती बाजूला उभी राहून बघत होती. तिनं एकही तुकडा परत तोंडात घेतला नाही.

मावशीनं फुगा दाबला.

शटरच्या आवाजानं सगळ्यांनी माना वर केल्या. तेवढ्यात तिनं दुसरी प्लेट चढवून पुन्हा दाबला. मग डोह रिकामा झाला. पाण्यावर तेवढ्या लाटा राहिल्या.

परतताना तिनं काकांना एकेक गोष्ट सांगितली. बसण्याची तऱ्हा सांगितली, कान सांगितले, ओकणं सांगितलं. काका वाटेत दोनदा थांबले. “पुन्हा सांग,” म्हणाले.

पालापाशी पाटील परत आले होते. रिकाम्या हातानं. काकांना राहवलं नाही.

“पाटील, तुमचा वाघ राहू द्या! असा फोटो भेटला! रानकुत्रे, पिलासगट!”

लखीराम बाजूला दोरी वळत होता, त्याचे हात थांबले.

“कुठी?” पाटलांनी विचारलं.

काका बोलायला गेले आणि मावशीनं त्यांचा दंड इतक्या जोरात धरला की ते गप्प झाले. “मले रान समजत नाई, पाटील,” ते चाचरत म्हणाले. “मी तं हात धरून गेलो.”

पाटील मावशीकडं वळले. ती खाली बघत राहिली. त्यांनी तिला पुन्हा विचारलं नाही; परक्या बाईला दरडावणारा तो माणूस नव्हता. ते हसले. “राहू द्या. फोटो धुवा. लहानपनापासून या रानातला एकेक दगड मी ओयखतो. फोटो पाह्यला की जागा समजते.”

आगगाडीत दोघं समोरासमोर बसले. जऊळक्याहून गाडी सुटली. मग मावशी म्हणाली, “काहून सांगतलं?”

“मले काय माईत?”

“मीच सांगतलं नाई तुमाले,” ती म्हणाली. “माहीच चूक हाय.”

घरी आल्या आल्या काका अंधाऱ्या खोलीत शिरले. पहिल्या प्लेटवर पिलं हलली होती, नुसता धूर. दुसरी लख्ख आली. माना वर केलेला सगळा कळप, मादी, पिलं. आणि मागं तो फुटलेला खडक, फटीतला उंबर, पाण्यातलं त्याचं प्रतिबिंब. मावशीनं वाळलेली प्लेट उजेडात धरून काय काय आलंय ते सांगितलं. काकांनी काचेवरून बोटाचं टोक अलगद फिरवलं. जिथं चित्राचा थर जाड तिथं त्यांना ते कळायचं.

“हे पानी न?”

“हो.”

“अन् हा खडक.”

“हो. खडकच पाटील ओयखतीन.”

काका चिडले. “आपलं काम फोटो काढाचं. बंदूक आपल्या हाती नाई. अशी प्लेट माह्या उभ्या जल्मात नाई आली. मी ते मुंबईच्या प्रदर्शनाले धाडतो. लोकायले दिसू दे.”

“मोतीबाईले मी शबूद दिला.”

“तू दिला. मी नाई दिला.”

त्या रात्री दोघं जेवले नाहीत. दुसरा दिवस तसाच गेला. मावशीनं प्लेट फडक्यात गुंडाळून काकांच्या उशाशी ठेवली आणि म्हणाली, “तुमचं काम हाय. तुमी म्हनान तसं.” मला सांगताना ती म्हणायची, की ती प्लेट फोडून टाकावी असंही तिच्या मनात येऊन गेलं होतं. हात झाला नाही.

तिसऱ्या दिवशी काकांनी तिला हाक मारली. ते ओसरीत बसले होते, प्लेट मांडीवर.

“अवं, मी आयुष्यात जनावराचे फोटो किती काढले? वाघ, बिबटे, अस्वल, रानडुकरं. त्यातलं एक तरी जित्तं होतं का?”

“नाई.”

“सारे काटकी लावलेले.” त्यांनी मांडीवरच्या प्लेटवर हात ठेवला. “हा एक जित्ता हाय. पाटील तठी गेले तं हाबी मेलेल्याचाच फोटो होईन.”

मग त्यांनीच सांगितलं काय करायचं ते. नको असलेली मागची गर्दी झाकायला फोटोवाले प्लेटवर लाल रंग लावत. रंगाखालचा भाग कागदावर कोरा पांढरा उमटे. “काचेच्या बाजूनं लाव,” काका म्हणाले, “म्हंजे चित्राले धक्का लागत नाई.” मावशीनं बारीक कुंचल्यानं एकेका जनावराची कड सोडून खडक झाकला, उंबर झाकला, पाणी झाकलं. डोळे दुखून आले. काका शेजारी बसून विचारत होते, “उंबर गेला?” आणि ती म्हणाली की गेला, तेव्हा त्यांनी सुस्कारा टाकला.

पाटील आले. मावशीनं फोटो त्यांच्या हाती दिला. पांढऱ्याशुभ्र रिकाम्या जागेत रानकुत्रे बसले होते. पाण्यात बसलेले तर हवेतच टेकल्यासारखे दिसत होते.

“हे काय, जगदेवराव? कुत्रे आभाळात बसले का?”

“प्लेट जराशी बिघडली, पाटील,” काका म्हणाले.

पाटलांनी फोटो उजेडाकडं नेला, उलटून पाहिला. “मी फोटोवाला नाई, पन येडाबी नाई.” मग ते मावशीला म्हणाले, “बाई, तुमी सांगा. कुठी होतं हे?”

काका काही तरी सांगून वेळ मारून न्यायला लागले, पण मावशी मधेच बोलली. “पाटील, मले जागा माईत हाय. पन मी नाई सांगत.”

पाटलांचा चेहरा लाल झाला. त्यांच्यासमोर असं कुणी बोललं नव्हतं, बाईमाणूस तर नाहीच. “माह्या पालात राह्यले, माह्या दमनीत बसले,” ते म्हणाले. ते तसेच निघाले. उंबरठ्यापर्यंत गेल्यावर मात्र थांबले, पुन्हा फोटोकडं पाहिलं आणि तो घडी न करता कोटाच्या आत ठेवला.

त्यानंतर पाटलांच्या घरचं एकही काम दुकानात आलं नाही. मुलीच्या लग्नाला फोटोवाला अकोल्याहून आला; सोयऱ्यांनीही वाशीमचं दुकान सोडलं. काही वर्षं ओढाताणीची गेली. काकांनी त्याबद्दल मावशीला कधी शब्दानं दुखवलं नाही. पुढं शिकारीचं कुणी बोलावणं घेऊन आलं की तेच विचारायचे, “जनावर जित्तं असन का?” माणूस हसून निघून जायचा. किन्हीराजाकडून आलेल्या एकानं सांगितलं, की पाटलांच्या बैठकीत तो आभाळातल्या कुत्र्यांचा फोटो चौकटीत लावलेला आहे आणि पाहुण्यांनी विचारलं की पाटील विषय बदलतात.

डोहाची जागा त्यांना सापडली नाही. पण रानकुत्रे काही त्यानं वाचले नाहीत. चार-पाच वर्षांनी मोतीबाई बाजाराला आली होती, ती दुकानाशी आली आणि पायरीवरच बसली. रानात मेलेल्या एका गाईत कुणी तरी विष घालून ठेवलं होतं, वाघासाठी की कशासाठी, कुणास ठाऊक. कळपच्या कळप डोहापाशी मरून पडला होता. पाण्यापर्यंत आले असावेत.

मावशी आत गेली. तिनं प्लेट काढली, ओल्या कापसानं काचेच्या बाजूचा लाल रंग पुसला. आधी पाणी वर आलं, मग खडक, मग उंबर. काका दारात उभे होते. दुपारच्या उन्हात तिनं त्या प्लेटवरून कागदावर फोटो उतरवला आणि अजून ओलाच असलेला तो मोतीबाईच्या हातात दिला.

मोतीबाईनं आयुष्यात फोटो हातात धरला नव्हता. तिनं तो उलटा धरला, मग सरळ केला. आधी तिला त्यात काही ओळखू येईना. मग एकदम तिचं बोट एका पिलावर थांबलं.

“हे लंगडं,” ती म्हणाली. “हे मोठं झालं होतं, बाई. मांगच्या हिवाळ्यात यानंच चितळ पाडलं. मी गेली तं हे जराशाक दूर जाऊन बसलं अन् माह्याकडं पाहत राह्यलं.”

मावशी तिच्याशेजारी पायरीवर बसली. काकाही चाचपत आले आणि दोघींच्या मागं बसले. रस्त्यानं बाजारच्या बैलगाड्या जात होत्या.

“अजून कोन हाय त्यात?” काकांनी विचारलं, आणि मोतीबाई एकेकाची ओळख सांगू लागली.